मुलांमध्ये सामाजिक न्यायाची जाणीव आणायची असेल तर त्यांना आपल्याच कॉलेजचा कारभार तपासायला द्या

मॅडम, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की पुण्यातल्या कॉलेजात तुमच्याकडे यंदा इक्वल ऑपॉर्च्युनिटी सेलचं, म्हणजे समान संधी कक्षाचं, काम आलंय, जयंत्या होतात, पोस्टर स्पर्धा होते, संविधान दिनाला प्रास्ताविकेचं वाचन होतं, मुलं हजेरीपुरती येतात, सही करतात आणि जातात, तर विविधता आणि सामाजिक न्याय याबद्दल मुलांना मनापासून काही वाटायला लागावं म्हणून काय करायचं. मी बरीच वर्षं पुण्यातच शिकवतेय, एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना), मुलींचं हॉस्टेल, हा सेल, सगळीकडे काम केलंय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. समतेवर कितीही चांगलं भाषण ठेवा, मुलं माना डोलावतात, कारण स्टेजवरून विचारल्यावर 'मी भेदभाव मानतो' असं कोण म्हणणारे? भेदभाव होतो तो ऑफिसच्या खिडकीवर, प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये, हॉस्टेलची खोली वाटताना, वर्गात कुणी बोलताना बाकीचे हसतात तेव्हा. म्हणून मुलांना ते बघायला लावायचं, मोजायला लावायचं आणि जे बदलता येईल ते त्यांच्याच हातून बदलून घ्यायचं. यात वेळ जातो, फोटो फारसे चांगले येत नाहीत, पण मुलं बदलताना मी याच वाटेने पाहिलीयेत.

सुरुवात मी नेहमी मेजरिंग टेपने करते. जातीवर पहिल्याच दिवशी बोलायला गेलं की अर्धा वर्ग गप्प होतो आणि उरलेला अर्धा अंगावर येतो, रॅम्पवर कुणी अंगावर येत नाही. पाच-सहा जणांचे गट करायचे, गट आपण पाडायचे, मुलांना पाडू द्यायचे नाहीत, नाहीतर एका गावची, एका आडनावाची, एका मीडियमची मुलं एकत्र बसतात. प्रत्येक गटाला एक टेप आणि कागद द्यायचा आणि काम एकच, व्हीलचेअर वापरणारी मुलगी मेन गेटपासून लायब्ररी, लॅब, ऑफिस, कॅन्टीन आणि टॉयलेटपर्यंत कुणाच्या मदतीशिवाय पोचेल का ते बघायचं. नियम सोपा आहे, चढ १ असेल तर रॅम्पची लांबी १२ पाहिजे. १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या म्हणजे ४५ सेंटिमीटर चढ, त्याला ५.४ मीटर रॅम्प लागतो. बहुतेक ठिकाणी काय असतं, दीड-दोन मीटरचा सिमेंटचा उतार ओतलेला असतो, तोही मागच्या दाराला, आणि त्याच्या तोंडाशी टू-व्हीलर लावलेल्या. मग दाराची रुंदी मोजायची, ९० सेंटिमीटर मोकळी मिळते का. टॉयलेटचं दार आत उघडतं की बाहेर, आत खुर्ची वळते का. दोन तास मोजल्यावर मुलांच्या लक्षात यायला लागतं की 'आपल्याकडे अशी मुलं येतच नाहीत' असं जे सगळे म्हणतात त्याचं कारण त्या मुलांमध्ये नसून आपल्या बिल्डिंगमध्ये आहे.

त्याच दिवशी सांगायचं की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं धरलीयेत आणि सरकारी तसंच अनुदानित उच्च शिक्षण संस्थांना किमान ५ टक्के जागा ठेवाव्या लागतात. मग मुलंच विचारतात, मॅम आपल्याकडे किती आहेत? उत्तर तुम्ही देऊ नका, अर्ज लिहून ऑफिसमधून माहिती काढायला त्यांनाच पाठवा. आणि आलेली मोजमापं प्रिन्सिपल सरांकडे घेऊन जायची ती मुलांनीच. त्यातलं एखादं काम, समजा पार्किंग हलवणं, लगेच होऊ शकतं, ते तेवढं तरी करून घ्याच, कारण आपण सांगितल्यावर काहीतरी हललं हे मुलांनी एकदा बघणं फार गरजेचं असतं.

दुसऱ्या टप्प्यात तीच मुलं, तेच गट, आणि यावेळी ऑफिस. इथे खरी जाणीव होते, आणि इथेच तुम्हाला थोडा विरोधही होईल, तयारी ठेवा. स्कॉलरशिपची यादी नोटीस बोर्डावर लागते का आणि त्यात नावापुढे कॅटेगरीचा कॉलम असतो का, ते बघायचं. खिडकीवरून मोठ्याने 'एससी-एसटीवाले इकडच्या लाइनीत या' असं ओरडतात का. हजेरीपटावर कॅटेगरी लिहिलेली आहे का. एखादे सर मार्क वाचताना 'तुम्हाला काय, तुमची अ‍ॅडमिशन झालीच असती' असं बोलतात का. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१२ चे समता नियम आहेत, त्यात हे जवळपास नाव घेऊन मना केलंय, वर्गात जात जाहीर करणं, 'रिझर्व्ह कॅटेगरीवाला' असा शिक्का मारणं, मार्क कमी पडले की जातीवरून बोलणं, सगळं. तुमचा इक्वल ऑपॉर्च्युनिटी सेल आणि भेदभावविरोधी अधिकारी हेसुद्धा त्याच नियमांतून आलेत. बऱ्याच स्टाफने ते नियम वाचलेले नसतात. मुलांबरोबर एक तास बसून वाचा, स्टाफ मीटिंगमध्येही वाचा, आवाज न चढवता.

आणि यातलं माझ्या मते सगळ्यात कामाचं म्हणजे महाडीबीटीचा, सरकारी स्कॉलरशिपचे फॉर्म जिथे ऑनलाइन भरतात त्या पोर्टलचा, मदत कक्ष. फॉर्म भरायच्या काळात लायब्ररीच्या एका कोपऱ्यात दोन लॅपटॉप, एक प्रिंटर आणि बसायला व्हॉलंटियर. व्हॉलंटियर मात्र मुद्दाम मिक्स घ्यायचे, ज्याला आयुष्यात कधी जातीचा दाखला काढावा लागला नाही अशा पुण्यातल्या मुलालाही बसवायचं. तो वीस-पंचवीस फॉर्म भरतो तेव्हा त्याला कळतं की आधार बँक खात्याला लिंक नसेल तर पैसे अडकतात, उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली तर नव्याने काढावा लागतो, आणि नंदुरबारकडच्या अक्कलकुव्याच्या मुलाला त्या एका कागदासाठी रात्रभर एसटीने गावी जाऊन तहसीलला चकरा माराव्या लागतात, इकडे इंटर्नल बुडते ती वेगळीच. आई-वडिलांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या वर गेलं की एससीच्या मुलाला स्कॉलरशिपऐवजी फ्रीशिप मिळते, म्हणजे फी भरली जाते पण हातात निर्वाह भत्ता येत नाही. कॉलेजने पुढे न पाठवता फॉर्म कॉलेजच्या लॉगिनला पडून राहिला तर मुलाची काही चूक नसताना वर्ष जातं. 'त्यांना सगळं फुकट मिळतं' हे वाक्य मी या टेबलवर बसलेल्या मुलाच्या तोंडून नंतर कधी ऐकलं नाही. कुणी त्याला समजावलेलं नसतं, त्याने स्वतः बघितलेलं असतं.

आरक्षणावर चर्चा टाळू नका, ती तशीही कॅन्टीनमध्ये चालूच असते आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर फारच घाण भाषेत चालते. पण ती मोकळी सोडू नका, आकडे घेऊन बसा. महाराष्ट्रात एससी १३ टक्के, एसटी ७, ओबीसी १९, विमुक्त जाती आणि भटक्या जमाती मिळून ११, विशेष मागास प्रवर्ग २, मराठा समाजासाठी २०२४ च्या कायद्याने एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) १०, आणि २०१९ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) १०. फळ्यावर ६० जागांचा वर्ग काढा आणि मुलांना भागाकार करू द्या. एसटीच्या वाट्याला चारच जागा येतात, त्या ११ मधल्या व्हीजेच्या, म्हणजे विमुक्त जातींच्या, ३ टक्क्यांना दोनसुद्धा पूर्ण येत नाहीत, हे बघून पुष्कळ मुलं गप्प होतात. मग विचारा, व्हीजेमध्ये कोण येतं? निम्म्या वर्गाला माहीत नसतं. वडार, कैकाडी, रामोशी, राजपारधी, कंजारभाट ही नावं सांगा, आणि सांगा की इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या होत्या, देश स्वतंत्र झाल्यावरही पाच वर्षं तो डाग तसाच होता, ३१ ऑगस्ट १९५२ ला सुटला. ही पार जुनी गोष्ट नाहीये हो, आजच्या मुलांच्या आज्या-पणज्यांच्या हयातीतली आहे.

दुसरं, राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात २६ जुलै १९०२ ला ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या, हे सांगा, कारण आरक्षण हे मतांसाठी स्वातंत्र्यानंतर काढलेलं खूळ आहे असं मुलांना खरोखर वाटत असतं.

मात्र एक लक्षात ठेवा. बीडच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा ओपनमधला मुलगा 'आम्हाला काय मिळालं' म्हणून चिडून बोलतो तेव्हा त्याला प्रतिगामी म्हणून गप्प करू नका. त्याची गरिबी खरी आहे, त्याचा राग खरा आहे. त्याला विचारा, तुझ्या गावात मरिआईच्या पलीकडच्या वस्तीतल्या मुलाची गरिबी आणि तुझी यात फरक कशात आहे, त्याच्या घरी तुझी आई पाणी पिते का? तो विचार करतो. लगेच कबूल करत नाही, आणि त्याने लगेच कबूल करावं असा आग्रहही धरू नये, दुसऱ्या वर्षाला तोच येऊन बोलतो.

आता पुण्यात राहून एक गोष्ट केली नाही तर मला वाईट वाटेल, ती म्हणजे मुलांना पेठांमधून चालवणं. वर्गात सांगण्यासारखं पुष्कळ आहे पण चालताना ते वेगळंच आत जातं. बुधवार पेठेत दगडूशेठच्या समोर भिडेवाडा, १ जानेवारी १८४८ ला जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती जागा. जुनी इमारत २०२३ च्या डिसेंबरमध्ये पाडली, तिथे स्मारक व्हायचंय. गणपतीला सगळी मुलं दहा वेळा येऊन गेलेली असतात, समोर काय होतं ते माहीत नसतं. तिथून चालत गंज पेठेत फुलेवाड्यावर जायचं. तिथला हौद दाखवायचा, जो जोतीरावांनी १८६८ मध्ये अस्पृश्यांना खुला केला, स्वतःच्या अंगणातला. पाणी हा शब्द पुस्तकात वाचणं आणि त्या हौदाच्या काठाशी उभं राहणं यात फार अंतर आहे.

आणि तिथेच खाली बसून मुक्ता साळवेचा निबंध वाचायचा. फुल्यांच्या शाळेतली मातंग समाजातली चौदा वर्षांची मुलगी, तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ज्ञानोदय या नियतकालिकात छापून आला. ती लिहिते की पेशवाईत तालीमखान्यापुढून मांग-महार गेला तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या डोक्याचा चेंडू करून तलवारीने खेळत. गुलटेकडी! मार्केट यार्डला जाणारी बस रोज जिथून जाते तीच. ती विचारते, वेद वाचायचा अधिकार आम्हाला नाही तर मग आमचा धर्म कोणता. हे वाचायला वर्गातली एखादी मुलगी पुढे आली तर तिला वाचू द्या, आणि नंतर लगेच तुम्ही स्पष्टीकरण द्यायला लागू नका, मुलांना पाच मिनिटं तशीच द्या. माझ्या अनुभवात मुलं या जागेवर ज्या प्रकारचे प्रश्न विचारतात ते सेमिनार हॉलमध्ये कधीच आले नाहीत.

वेळ असेल तर वेगळ्या रविवारी पर्वती. १९२९ मध्ये तिथल्या देवळात प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह झाला होता. ट्रेकला मुलं जातातच, वर पोचल्यावर सांगा.

तुमच्याकडे एनएसएसचं युनिट असेलच. एनएसएस दिन २४ सप्टेंबरला असतो, १९६९ चा. त्याच तारखेला १८७३ मध्ये पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच तारखेला १९३२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात पुणे करार झाला. त्या दिवशी झाडं लावण्याचा कार्यक्रम पुढच्या आठवड्यात ढकला आणि पुणे करारावर वाद ठेवा. ज्याला गांधीजी पटतात त्याला बाबासाहेबांची बाजू मांडायला द्या आणि उलट. स्वतंत्र मतदारसंघ म्हणजे काय, राखीव जागा आणि संयुक्त मतदारसंघ म्हणजे काय, उपोषणामुळे बाबासाहेबांवर काय दबाव आला, हे तयारी करताना मुलं स्वतः शोधून काढतात.

भाषेचं मी वेगळं सांगते कारण पुण्यात हा भेद सगळ्यात जास्त चालतो आणि त्याला कुणी भेद म्हणतच नाही. लातूर, परभणी, नंदुरबारकडून आलेला मुलगा वर्गात 'पानी', 'आनि' म्हणाला की मागून हसू येतं. एकदा हसले की तो मुलगा तीन वर्षं वर्गात तोंड उघडत नाही, व्हायवाला मार्क जातात, प्रेझेंटेशनला मागे राहतो, आणि आपण शेरा मारतो की कम्युनिकेशन स्किल कमी आहे. यावर जाणीवजागृती वगैरे नको, सरळ नियम पाहिजे. पहिल्याच तासाला सांगायचं की या वर्गात कुणाच्या बोलीवर हसायचं नाही, आणि पहिल्यांदा कुणी हसलं की तास तिथेच थांबवायचा. जिथे विद्यापीठाच्या नियमात बसतं तिथे व्हायवा मराठीत घ्या. ईशान्येकडच्या आणि काश्मिरी मुलांचंही असंच, त्यांना 'चायनीज' किंवा आणखी काही म्हणणं ही गंमत नाहीये हे एकदा स्पष्ट बोललं की बहुतेक मुलं थांबतात, कारण त्यांना आजवर कुणी बोललेलंच नसतं.

खोलीचा प्रश्न पण आहे. पेठांमध्ये आणि उपनगरांमध्येही आडनाव विचारून खोली नाकारतात, मुसलमान मुलांना तर फोनवरच. तुमच्या सेलने एवढं करावं की सीनियर मुलांकडून अशा मालकांची, मेसची आणि अभ्यासिकांची यादी बनवून घ्यावी जिथे आडनाव आणि खाणं न विचारता मुलांना घेतात, आणि ती अ‍ॅडमिशनच्या वेळी हातात द्यावी. मुली आणि ट्रान्सजेंडर विद्यार्थ्यांबद्दल मी इथे जास्त लिहीत नाही, त्यासाठी लैंगिक छळाबद्दलचे २०१५ चे यूजीसीचे नियम आणि ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा २०१९ चा कायदा आहे, फक्त बघा की अंतर्गत तक्रार समितीवर विद्यार्थी प्रतिनिधी नुसते कागदावर नाहीत ना, आणि तुमच्या स्वतःच्या फॉर्मवर लिंगाच्या कॉलमात दोनच चौकोन तर नाहीत ना.

एक गोष्ट मात्र कळकळीची विनंती म्हणून सांगते. दलित, आदिवासी, मुसलमान मुलांना उभं करून 'तुझे अनुभव सांग' असं कधीही म्हणू नका. कार्यक्रम फार प्रभावी होतो, बाकीची मुलं रडतात, स्टाफ टाळ्या वाजवतो, आणि त्या मुलाचं काय होतं? दुसऱ्या दिवसापासून तो वर्गात 'तो' होतो. ज्या गोष्टी त्याने आपल्या आईलाही सांगितलेल्या नसतात त्या शंभर जणांना माहीत होतात. आपलं दुःख दाखवून दुसऱ्यांना शहाणं करणं ही त्याची ड्युटी नाहीये, तो इथे शिकायला आलाय. कुणी स्वतःहून बोललं तर जरूर ऐका, पण आपण मागायचं नाही. म्हणून तर मी टेप, याद्या, फॉर्म, दगडविटा यांच्यावर एवढा भर देते, त्यात कुणालाच उघडं पडावं लागत नाही.

बाहेरचं कुणी बोलवायचं असेल तर वक्ता शोधत बसू नका, कचरावेचक ताईंना बोलवा. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना १९९३ पासून आहे, आणि तिची सुरुवात एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून झाली, म्हणजे विद्यापीठाचा एक उपक्रम कष्टकऱ्यांची संघटना होऊ शकतो हे याच शहराने दाखवलंय. ताईंचं रोजचं काम बुडतं, त्यामुळे मानधन द्या, शाल-श्रीफळावर भागवू नका. आणि त्याआधी हॉस्टेलच्या मुलांना आठवडाभर आपापल्या मजल्याचा कचरा स्वतः वेगळा करायला लावा, सॅनिटरी पॅड कागदात बांधून त्यावर लाल खूण करण्यासकट. मग ताई बोलतात तेव्हा मुलं मोबाइलमध्ये बघत नाहीत.

कामाचा परिणाम कसा ओळखायचा हेही तुम्हाला विचारतील, कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठी तर नक्कीच. किती कार्यक्रम झाले याला माझ्या लेखी फार अर्थ नाही. यंदा स्कॉलरशिपचे किती फॉर्म कॉलेज लेव्हलला अडकले आणि पुढच्या वर्षी किती, प्रॅक्टिकलच्या बॅचेस मिसळल्या का, वर्गात कोण कोण बोलतं, हे बघा. आणि तक्रारी. काम नीट झालं तर पहिल्या वर्षी तक्रारी वाढतात, शून्यावर असलेला आकडा चार-पाचवर जातो आणि मॅनेजमेंट घाबरतं की कॉलेजचं नाव खराब होतंय. त्यांना आधीच सांगून ठेवा की हे होणार आहे आणि हे चांगलं लक्षण आहे, आधी मुलं सहन करत होती, आता येऊन सांगतायत.

पहिली तक्रार आली की समजूत काढायला बसू नका, 'जाऊ दे, करिअर बघ' तर अजिबात नको. लेखी घ्या, तारीख घाला, पोच द्या. तक्रार करणाऱ्याचं नाव स्टाफरूममध्ये जाऊ देऊ नका, तो ज्या सरांच्या हाताखाली आहे त्यांच्याच विरुद्ध असेल तर त्याचं इंटर्नल दुसऱ्याकडे द्या. ज्याच्याविरुद्ध आहे त्याचंही म्हणणं लेखी घ्या. प्रकरण १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात बसण्यासारखं असेल तर ते समितीत मिटवायचा तुम्हाला अधिकार नाही, मुलाला त्याचा हक्क स्पष्ट सांगा आणि पोलिसांत जायचं असेल तर बरोबर कुणीतरी जबाबदार माणूस द्या. निर्णय झाला की तोही लेखीच कळवा. आणि सेलच्या मेंबरांची नावं, बसायची जागा आणि एक चालू असलेला फोन नंबर ऑफिसबाहेर, हॉस्टेलच्या मेसमध्ये आणि मुलींच्या कॉमन रूममध्ये मराठीत लावून टाका, अ‍ॅडमिशन सुरू व्हायच्या आत.